अलार्म बसवा, पण रिमोटने सेल्फ मारू नका

शहागंजात रात्री ट्रक उभा करणाऱ्याला दोन घोर असतात. सकाळी गाडी जागेवर असेल का, आणि टाकीतलं डिझेल टाकीत असेल का. घड्याळ मनोऱ्यापासून जाफर गेट आणि जुन्या मोंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दिवसभर हातगाड्या, रिक्षा आणि पायी माणसांची दाटी असते. माल चढवणं-उतरवणं मग रात्री उशिरा नाहीतर पहाटे उरकायचं आणि मधल्या वेळात गाडी गल्लीच्या तोंडाशी, ओळखीच्या दुकानासमोर, कुणाच्या तरी भरवशावर सोडायची. तो भरवसा विकत मिळतो असं सांगणारा एक खोका आता बाजारात सहज सापडतो. आत एक सायरन, दोन रिमोट, वायरींचा गुंता. आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘रिमोट स्टार्ट’.

असा खोका घेऊन आलेला तरुण गाडीमालक आणि तो बसवायला तयार नसलेला जुना वायरमन, असे दोघे या लेखात बोलतात. ते कुणी ठरावीक गृहस्थ नाहीत. गाड्यांच्या वायरिंगच्या धंद्यात ज्या दोन बाजू नेहमी समोरासमोर येतात, त्यांना इथे बोलतं केलं आहे. त्यांच्या तोंडी आलेले नियम आणि यंत्राची माहिती मात्र खरी आहे.

“चाचा, सहा टायरी गाडी आहे, बीएस-सिक्स. अजून हप्ते चालू आहेत,” मालक म्हणतो. “अलार्म तर बसवाच, पण सोबत रिमोट स्टार्टही जोडून द्या. ड्रायव्हर हॉटेलात चहा पीत असताना बटण दाबेल. तो गाडीपाशी येईपर्यंत हवा भरलेली, केबिन गार झालेली. वेळ वाचतो की नाही?”

“वेळ वाचतो,” चाचा मान्य करतात. “पण बेटा, गाडी गिअरमध्ये आहे की न्यूट्रलला, हे त्या बटणाला कोण सांगणार?”

मालकाचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. रात्रभर उभ्या गाडीत कुठेतरी हवा गळते, काटा खाली येतो, आणि पुरेशी हवा भरल्याशिवाय पार्किंगचा स्प्रिंग ब्रेक सुटत नाही. सकाळी इंजिन चालू करून ड्रायव्हर काही मिनिटं नुसता बसून राहतो, ते यासाठीच. केबिनचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चटका देतं. तिथे चार मिनिटं आधी एसी चालू झाला तर ड्रायव्हरवर ते उपकारच ठरतील. ड्रायव्हरच्या जिवाला आराम मिळतो हा मुद्दा कुणी हलका लेखू नये. रात्र-रात्र गाडी ओढणारा माणूस तो आहे.

पण चाचांचा प्रश्न त्याहून जड आहे. आपल्याकडचे बहुतेक ट्रक हाताने गिअर टाकायचे आहेत. चढ-उतारावर गाडी उभी करताना ब्रेकच्या जोडीला गिअर टाकून ठेवायची सवय ड्रायव्हरच्या हाडीमाशी खिळलेली असते आणि ती चांगली सवय आहे. अशा गाडीचा सेल्फ लांबून मारला, तर पहिल्या गिअरला सेल्फची मोटरच गाडी पुढे ढकलते. बंद पडलेली गाडी रस्त्याच्या मधून बाजूला घ्यायला ड्रायव्हर हीच युक्ती वापरतात. त्यातून डिझेल इंजिन चालू झालं की प्रकरण आणखी वाढतं. इंजिनावर भार आला आणि फेरे कमी होऊ लागले की गव्हर्नर आपणहून डिझेल वाढवतो. पेट्रोलची गाडी गचका खाऊन बंद पडेल तिथे ट्रक रेटा देत राहतो. पार्किंग ब्रेक ओढलेला असेल आणि चांगल्या स्थितीत असेल तर तो गाडी धरेल. नसेल तर गाडीपुढे काय आहे यावर सगळं अवलंबून. शहागंजात गाडीपुढे हातगाडी असते, नाहीतर माणूस असतो.

“म्हणून तर कंपनीने तोड काढली आहे,” मालक माहिती घेऊन आलेला आहे. “ड्रायव्हरने न्यूट्रल करायचं, हँडब्रेक ओढायचा, इंजिन चालू असतानाच चावी काढायची. मग खाली उतरून दार लावायचं आणि रिमोटने इंजिन बंद करायचं. एवढं सगळं झालं तरच पुढच्या वेळी रिमोटने गाडी चालू होते. मध्ये कुणी दार उघडलं तर रिमोट स्टार्ट आपोआप रद्द.”

ही पद्धत खरोखर आहे, आणि डोकं लावून बनवलेली आहे. दार उघडलं नाही म्हणजे आत कुणी गेलं नाही, आत कुणी गेलं नाही म्हणजे गिअर हलला नाही, असा तिचा हिशेब आहे.

“हा हिशेब कारचा आहे,” चाचा म्हणतात. “ट्रकच्या केबिनमध्ये माणूस राहतो. ड्रायव्हर खाली उतरला, दार लागलं, सगळं बरोबर झालं. पण मागच्या बर्थवर क्लीनर झोपलाय. तो उठतो, पुढच्या सीटवर येतो, पाण्याची बाटली शोधताना त्याचा गुडघा गिअरच्या दांड्याला लागतो. दार कुठं उघडलं?”

इथे चाचांची बाजू पक्की आहे. नव्या गाड्यांत कंपनीनेच क्लचचा किंवा न्यूट्रलचा स्विच दिलेला असतो. त्याशिवाय सेल्फ लागत नाही. रिमोट स्टार्ट चालवायचा तर बसवणाऱ्याला बऱ्याचदा नेमका हाच स्विच वायर जोडून गप्प करावा लागतो. गिऱ्हाइकाला ते सांगितलं जात नाही. त्याला फक्त बटण दाबून दाखवतात, इंजिन घरघरतं, आणि पैसे मोजले जातात.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण त्यात संदिग्ध काही नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १२६ सांगतं की सार्वजनिक जागी उभ्या असलेल्या वाहनात चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस हवा. नसेल तर इंजिन बंद हवं आणि ब्रेक लावलेला हवा, किंवा गाडी आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली हवी. रिकाम्या केबिनचा ट्रक रस्त्यावर घरघरत ठेवणं हे या कलमाच्या सरळ विरुद्ध जातं. उद्या अपघात झाला तर ‘रिमोटने चालू केली होती’ हे वाक्य बचावाला येणार नाही, उलट अंगाशी येईल.

“वाळूजला किंवा शेंद्र्याला कंपनीच्या आवारात गाडी उभी असेल तर?” मालक विचारतो. “तिथं कुठला आला सार्वजनिक रस्ता?”

“तिथं कलम बाजूला राहील कदाचित. गिअर बाजूला राहतो का?”

एक मात्र मालकाला द्यायला हवं. बंदिस्त आवार, सपाट जमीन, आणि न्यूट्रलचा कंपनीचा स्विच शाबूत ठेवून केलेलं काम असेल, तर रिमोट स्टार्टला विरोध करण्याचं कारण बरंच कमी होतं. अडचण अशी की गाडी आवारात जन्म काढत नाही. रात्री ती पुन्हा गल्लीच्या तोंडाशी येते आणि रिमोट ड्रायव्हरच्या खिशातच असतो.

आता डिझेल गाडीचं म्हणून जे वेगळं आहे, तिकडे वळायला हवं. खोक्यावरची चित्रं पेट्रोल कारची असतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो.

पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते. ठिणगीची वीज तोडली की इंजिन गप्प. डिझेल इंजिन हवा दाबून तापवतं आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल सोडतं, ठिणगी नाहीच. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत इंजिन एकदा चालू झालं की त्याला चालायला वीजही लागत नाही. बॅटरी काढून घेतली तरी ते चालत राहील. ते बंद करायचं तर पंपाचं डिझेल तोडावं लागतं, आणि जुन्या ट्रकांत त्यासाठी डॅशबोर्डखाली ओढायची स्टॉप केबल असायची. “अशा गाडीला रिमोट स्टार्ट लावणारे मी पाहिलेत,” चाचा सांगतात. “गाडी रिमोटने चालू होते. बंद करायला मात्र केबिनमध्ये चढून केबल ओढावी लागते. मग त्या रिमोटचा काय उपयोग?” त्यावर उपाय म्हणजे पंपावर सोलेनॉइड बसवणं. ते काम वायरमनचं आणि पंपवाल्याचं मिळून आहे; अलार्मच्या खोक्यात ते येत नाही.

इंजिन चालू झालं हे रिमोटच्या यंत्राला कळावंही लागतं. कळलं नाही तर ते सेल्फ फिरवत राहतं आणि चालू इंजिनावर सेल्फची गरारी घासून जाते. ड्रायव्हर कानाने ओळखतो आणि चावी सोडतो. यंत्राला कान नाहीत. त्याला डायनामोच्या ठरावीक टर्मिनलवरून किंवा इंजिनाच्या फेऱ्यांच्या वायरवरून इशारा द्यावा लागतो. ही एक वायर जोडायचा कंटाळा करून नुसत्या सेकंदांच्या अंदाजावर काम भागवलं की सेल्फचं काम लवकरच निघतं.

त्यानंतर व्होल्टचा प्रश्न. मोठा ट्रक २४ व्होल्टचा असतो, १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या. बाजारातले बरेचसे अलार्म १२ व्होल्टचे. सोपा मार्ग म्हणून दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावरून १२ व्होल्ट काढले जातात. अलार्म वाजतो, गिऱ्हाईक खूश होतं. पण भार एकाच बॅटरीवर पडतो आणि डायनामो दोघींना सारखाच चार्ज करतो. एक अर्धपोटी राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते, आणि काही महिन्यांनी मालक बॅटरीच्या कंपनीला दोष देत बसतो. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर वेगळा मिळतो, किंवा मुळातच २४ व्होल्टवर चालणारा संच घ्यावा. छोटा हत्ती किंवा पिकअपवाल्याला ही अडचण नाही. त्या गाड्या १२ व्होल्टच्या आहेत.

“एवढं तुम्ही नीट कराल म्हणूनच तुमच्याकडं आलो,” मालक म्हणतो.

“वायरिंग मी नीट करीन. चावीचं काय करशील?”

या प्रश्नाने वादाचा निकाल लागतो, असं या लेखकाचं मत आहे.

ज्या गाडीच्या चावीत चिप असते, तिच्यात इमोबिलायझर असतो. चिप ओळखल्याशिवाय इंजिनाचा कॉम्प्युटर डिझेल सोडत नाही. चोरीविरुद्ध यापेक्षा भरवशाची सोय अजून तरी सर्वसामान्य गाडीत आलेली नाही. युरोपात १९९८ पासून नव्या कारना आणि कॅनडात १ सप्टेंबर २००७ पासून नव्या हलक्या वाहनांना इमोबिलायझर सक्तीचा झाला, तो याच कारणाने. आता ड्रायव्हर चहाच्या टपरीवर आणि चावी त्याच्या खिशात असताना इंजिन चालू व्हायचं, तर गाडीला चिप केबिनमध्येच आहे असं भासवावं लागतं. त्यासाठी बायपास नावाचा तुकडा जोडतात. त्याच्या स्वस्त प्रकारात गाडीची दुसरी चावी, किंवा तिच्यातली चिप काढून, डॅशबोर्डच्या आत कायमची बांधून टाकतात.

घराला कुलूप घालून किल्ली उंबऱ्याखाली ठेवावी, तसं हे झालं. एकाच खोक्यातला अलार्म गाडी राखायला निघतो आणि त्याचाच जोडीदार कंपनीने दिलेलं कुलूप सैल करतो. महागड्या प्रकारात चिप न बांधता गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलणारा तुकडा येतो, तो बरा. पण आपल्या ट्रकच्या नेमक्या मॉडेलसाठी तो मिळेलच असं नाही.

विम्याची गाठ इथेच पडते. गाडी चोरीला गेली की विमा कंपनी एफआयआरच्या प्रतीबरोबर गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते. एक चावी चोरीच्या गाडीसोबतच गेली, तीही आपणच आत बांधली होती, हे सांगायची वेळ कुणावर येऊ नये. पॉलिसीत गाडी सांभाळण्यासाठी वाजवी काळजी घेण्याची अट असते. सर्वोच्च न्यायालयापुढे २०२३ मध्ये आलेल्या एका प्रकरणात ड्रायव्हर पत्ता विचारायला खाली उतरला होता, चावी गाडीतच राहिली आणि गाडी पळवली गेली. दावा साफ फेटाळणं न्यायालयाला मान्य झालं नाही. पण मालकाला रकमेच्या ७५ टक्केच मिळाले. क्षणभराच्या निष्काळजीपणाला चौथा हिस्सा गेला. डॅशबोर्डमागे जाणूनबुजून बांधलेल्या चावीकडे विमा कंपनी कोणत्या नजरेने पाहील, याचा विचार मालकाने खोका विकत घेण्याआधी करायचा.

मालक थोडा वेळ बोलत नाही. मग म्हणतो, “म्हणजे अलार्मपण नको?”

“कोण म्हणतं नको? अलार्म पाहिजेच. पण नीट बसवलेला.”

नीट बसवलेला म्हणजे काय, हे चाचा गाडीभोवती फिरून दाखवतात. ट्रकची बॅटरीपेटी चासीवर, केबिनच्या बाहेर असते. चोराला केबिन फोडायची गरजच नाही; पेटीचं झाकण उघडून केबल सैल केली की सायरन मुका. म्हणून सायरन स्वतःच्या आतल्या बॅटरीवर वाजणारा हवा आणि बॅटरीपेटीच्या झाकणालाही स्विच हवा. अलार्मची मुख्य वायर बॅटरीच्या मेन स्विचच्या आधी घ्यायची, नंतर नाही, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज घालायचा. जोड पिळून वर टेप गुंडाळलेला चालत नाही. उन्हाने टेपचा डिंक वितळतो आणि धूळ चिकटून जोड उघडा पडतो. जोडाला डाक द्यायचा आणि त्यावर तापवून आवळणारी नळी चढवायची. आणि बीएस-सिक्स गाडीत टेस्ट लॅम्प घेऊन दिसेल ती वायर टोचायची नाही. कॉम्प्युटरच्या बारीक वायरींना मीटरच लावायचा.

“अलार्म बॅटरी खातो म्हणतात,” मालकाची एक शंका उरते.

त्याचा हिशेब साधा आहे. चांगला अलार्म पहाऱ्यावर असताना २० मिलिअँपिअरच्या आसपास वीज घेतो, म्हणजे दिवसाला अर्धा अँपिअर-तासही नाही. शंभर अँपिअर-तासांच्या बॅटरीला त्याने आठवड्यात काही होत नाही. बॅटरी उतरते ती बहुधा खराब जोडणीमुळे, नाहीतर रात्रभर खोटा वाजणाऱ्या सायरनमुळे.

खोटा वाजणारा सायरन हा वेगळाच त्रास आहे. धक्का ओळखणारा सेन्सर कारच्या मापाने लावला की शेजारून दुसरा ट्रक गेला तरी तो ओरडतो. तिसऱ्या रात्री गल्लीतलं कुणी उठून बघत नाही, चौथ्या रात्री ड्रायव्हरच अलार्म बंद करून झोपतो. सेन्सरचा स्क्रू फिरवून, गाडी माल भरलेली आणि रिकामी अशी दोन्ही वेळा तपासून तो बसवायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास मालकाने वायरमनकडे हक्काने मागावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम ११९ एकामागून एक वेगवेगळे सूर काढणाऱ्या आणि कर्कश, घाबरवणाऱ्या हॉर्नना मनाई करतो, तेव्हा सायरनचं काम गाडीच्या हॉर्नवर ढकलताना हेही ध्यानात असू द्यावं. आणि डिझेलचोराला दाराचा अलार्म अडवत नाही. त्याच्यासाठी टाकीच्या तोंडात जाळी आणि झाकणाला कुलूप, एवढा साधा उपाय आधी करायचा.

सर्वात नाजूक काम गाडी अडवणाऱ्या रिलेचं. मोबाइलवरून इंजिन बंद करणारे जीपीएसचे डबेही आता सर्रास बसतात, आणि चालत्या गाडीचं डिझेल तोडता येतं ही त्यांची जाहिरात असते. चाचा यावर चिडतात. “कन्नडचा घाट उतरताना कुणी घरी बसून बटण दाबलं तर? स्टिअरिंग जड होणार, हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबणार. चोर मरेल, समोरचा मोटरसायकलवालाही मरेल.” म्हणून त्यांचा शिरस्ता असा की रिलेने सेल्फ तोडायचा, चालू इंजिनाला हात लावायचा नाही. रिलेची जोडणीही अशी की रिले जळाला तरी गाडी भर रस्त्यात बंद पडू नये. जुन्या मेकॅनिकल गाडीला उतारावरून ढकलून चालू करता येतं, तिथे एकटा सेल्फ तोडून भागत नाही. पंपाचं डिझेलही तोडावं लागतं, पण गाडी उभी असतानाच.

मालकाला यातलं सगळं पटलं असं नाही. एसीचा मुद्दा तो सोडत नाही, आणि त्याने सोडूही नये. ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांनी न्यूट्रलचा स्विच, ब्रेकमधली हवा आणि चावीची चिप या तिन्हींशी जुळवून ही सोय कारखान्यातच द्यावी, ही मागणी रास्त आहे. तोवर गल्लीत कापलेल्या वायरींवर ती बसवणं हा धोका आहे, आणि वॉरंटीच्या काळात बाहेरच्या वायरिंगमुळे झालेला बिघाड कंपनी आपल्या अंगावर घेत नाही.

चोरीच्या बाबतीत कायदाही आता कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीला सात वर्षांपर्यंत कैद आहे. पण गाडी परत मिळवून देणं कलमाच्या हातात नाही. तेव्हा ट्रकवाल्यांना सांगणं आहे: अलार्म जरूर बसवा, २४ व्होल्टचा बसवा, काम चालू असताना गाडीपाशी उभे राहा, सेल्फचा रिले कुठे लपवला ते फक्त स्वतःला माहीत असू द्या. पक्कं बिल घ्या आणि त्यावर गाडीचा नंबर व चासी नंबर लिहून घ्या. रिमोट स्टार्टच्या वायरी खोक्यातच राहू द्या. आणि दुकानातून निघताना गाडीच्या दोन्ही चाव्या हातात मोजून घ्या.